अण्णांच्या थांबलेल्या प्रतिक्रिया

या आठवड्यात थंडी परत आली. ऑफिसात सकाळी पावणेसहाला पोचणारा मी पहिला. शटर वर करताना लोखंड हाताला चटकलं आणि आजची पहिली बातमी कोणती ते कळलं. संगणक सुरू होईपर्यंत हात काखेत धरून उभा राहिलो, मग टाइप केलं, 'नाशिकचा पारा घसरला'. दरवर्षी हेच शब्द. आमच्याकडे पारा घसरतो, फार झालं तर कोसळतो, आणि संक्रांत उलटली की एक दिवस गुपचूप चढतो. त्या चढण्याची बातमी कोणी वाचत नाही.

बातमी चढवली आणि सवयीनं तिच्याखालची प्रतिक्रियांची जागा पाहिली. रिकामी होती. सहा वाजून दहा मिनिटांनी तिथं काही यायचं, ते आता यायचं नाही, हे माहीत असूनही मी थोडा वेळ पाहत राहिलो.

आमचं वर्तमानपत्र छापलं जात नाही. शरणपूर रोडला चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, चार टेबलं, एक प्रिंटर, एवढाच त्याचा पसारा. कुठल्या भागात आज पाणी नाही, कुठला पूल दुरुस्तीला बंद, धरणातून किती वाजता पाणी सोडणार, अशा शहराच्या रोजच्या बातम्या आम्ही देतो आणि लोक त्या फोनवर वाचतात. बोलतात मात्र अजून कागदाच्या हिशेबानं. मागं एका काकांचा फोन आला होता.

"आमच्या मंडळाची बातमी उद्याच्या अंकात येईल ना?"

"काका, आलीसुद्धा. दहा मिनिटं झाली."

"कुठल्या पानावर?"

"पान नसतं आमच्याकडे."

"पान नाही तर मग पेपर कसला?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या संपादक मीनलताई यावर म्हणतात, "आपल्या पेपरवर भेळसुद्धा खाता येत नाही, तेव्हा निदान बातमी तरी बरी द्या." निधनाच्या बातमीचं कात्रण मागायला लोक जिना चढून येतात. त्यांना पडदा दाखवून भागत नाही. मग तांत्रिक काम पाहणारा सलीम ती बातमी प्रिंटरवर काढतो आणि कात्रीनं चारी बाजू कापून देतो. पहिल्यांदा मी त्याला विचारलं होतं, कापतोस कशाला, पूर्ण कागद दे की. तो म्हणाला, "भाई, पूरा कागद दिला तर अर्ज वाटतो. कात्रण कापलेलंच पाहिजे." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

थंडीच्या बातमीखाली पहिली प्रतिक्रिया यायची ती देवळ्याहून. माझे वडील ती लिहायचे. अण्णा आयुष्यभर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. जाळीच्या खिडकीमागं बसून कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली ते नोंदवहीत लिहायचं आणि ध्वनिक्षेपकावरून सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, नोंद राहिली. ओट्याच्या भिंतीला त्यांनी एक तापमापी टांगली होती. रोज सकाळी ती पाहायची, चष्मा पुसायचा आणि आमच्या बातमीखाली लिहायचं.

'देवळा. सकाळी ६.१०. आठ अंश. धुके नाही. वारा उत्तरेचा.'

'देवळा. ६.१०. सात अंश. धुके दाट, समोरचे लिंबाचे झाड दिसत नाही. कांद्याला बरे नाही.'

'देवळा. ६.१५. पाच मिनिटे उशीर. चहा उशिरा झाला.'

शहरातल्या वाचकांना त्याची गंमत वाटू लागली. 'काका, आज गाडी वेळेवर,' असं कोणी खाली लिहायचं. एकदा एका बाईंनी विचारलं की देवळा म्हणजेच देवळाली कॅम्प का. अण्णांनी उत्तर दिलं, 'नाही. मध्ये अडीच तासांचा रस्ता आहे. या चुकीने अनेक पाहुणे माझ्या स्टँडवर उतरलेले आहेत.' मीनलताईंनी ते ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. अण्णांना आमचे शब्दही पसंत नसत. 'गुलाबी थंडी' असा मथळा मी दिला त्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'थंडीला रंग नसतो. माणसे कांद्याची रोपे लावत चिखलात उभी आहेत, त्यांना विचारून लिहावे.' तेव्हापासून मी तो शब्द वापरलेला नाही.

फोनवर आमचं बोलणं फार होत नसे. जेवलास का, जेवलो, तब्येत बरी ना, बरी आहे, थांब आईला देतो. लिहिताना मात्र त्यांना शब्दांची टंचाई नव्हती. घरात बोलणाऱ्यांचं आणि लिहिणाऱ्यांचं असं वेगवेगळं असतं. मीही त्यांच्याच वळणावर गेलो आहे.

नाशिकची थंडी मला आवडते, हे सांगायला हवं. सकाळी गोदाकाठी पाण्यावरून निघणारी वाफ, स्वेटरच्या दुकानांची रांग, कानटोप्या घालून फिरायला निघालेले आणि फिरण्यापेक्षा बोलणारे लोक. निफाडकडून येणाऱ्या बातम्यांत द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या असतात. घड कडाक्यानं तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे धूर करतात. त्या धुराचा वास बातमीत उतरत नाही, पण फोटो पाहिला की मला तो येतो. लहानपणी बसस्थानकावरही अशीच शेकोटी असे. चालक, वाहक, अण्णा, सगळे तिच्याभोवती. तिथं काय बोलणं चालायचं ते आठवत नाही. जुन्या टायरचा काळा धूर आणि अण्णांच्या मफलरला घरी आल्यावरही येणारा तो वास, एवढं आठवतं.

तर गेल्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, मी एक चूक केली. घाटात धुकं पडल्याची बातमी होती आणि फोटो आला नव्हता. ऑनलाइन पेपरात फोटोशिवाय बातमी म्हणजे बिनदाराचं दुकान, त्यामुळे आम्ही सर्रास जुना फोटो लावतो. धुकं ते धुकं, त्यावर साल लिहिलेलं नसतं. मी चांदवडच्या घाटातला एक फोटो काढून लावला. वीस मिनिटांत प्रतिक्रिया आली.

'देवळा. ६.४०. हा फोटो आजचा नाही. यात रस्त्याकडेला रसवंतीचा फलक दिसतो, तो फलक गेल्या उन्हाळ्यात वाऱ्याने पडला व पुन्हा लावलेला नाही. वाचकांची दिशाभूल करू नये.'

पुढच्या तासाभरात त्या प्रतिक्रियेचे फोटो गावभर फिरले. 'काकांनी पेपरला दंड केला,' 'पेपर तिकीट काढायला विसरला,' असं काय काय लोकांनी लिहिलं. मीनलताई रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "तुझे वडील आहेत म्हणून सांगते, यांना आपण नोकरीवर ठेवू." त्यांनी साधंच म्हटलं होतं. पण फोटो मी लावला होता, आणि चार टेबलांच्या त्या खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं. बापानं चारचौघांत कान धरल्यासारखं मला झालं. वय सेहेचाळीस.

त्या दुपारी मी अण्णांचं नाव रोखून ठेवलं. प्रतिक्रियांच्या यंत्रणेत तशी सोय आहे. एखाद्याचं नाव त्या यादीत टाकलं की त्याचं लिहिणं आपोआप प्रसिद्ध होत नाही. ते आधी तपासणीच्या रांगेत जातं, आम्ही पाहून मंजूर केलं तरच दिसतं. शिव्या देणाऱ्यांसाठी आणि कर्जाच्या जाहिराती करणाऱ्यांसाठी ती यादी आहे. तिच्यात मी माझ्या वडिलांना घातलं. आठ दिवस, असं ठरवलं होतं. लोक विसरले की काढून टाकू.

ती रांग तपासणं माझंच काम होतं. पण रांगेत रोज शेकड्यांनी कचरा येतो, वशीकरणवाले बाबा, घरबसल्या कामं, तेच ते. सगळे तपासतात तसं मीही पहिलं पान पाहायचो, पुसायचो आणि पुढं जायचो. मागची पानं तशीच राहायची. आठ दिवसांचे पंधरा झाले. मग मी विसरलो. विसरलो हेही पूर्ण खरं नाही. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा मला आठवत होतं.

अण्णा ओट्यावर उन्हाला बसले होते. तिळगूळ हातात दिला तर म्हणाले, "दाताला सोसत नाही, आईला दे." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "आमचं सकाळचं पोचतं का तिकडं?"

"पोचतं की, अण्णा."

"वाचतोस?"

"रोज वाचतो."

त्यांनी मान हलवली. त्यांना समाधान वाटल्यासारखं मला दिसलं, आणि मी मनात ठरवलं की नाशिकला गेल्या गेल्या ती यादी दुरुस्त करायची. नाशिकला गेलो त्या दिवशी कुठल्याशा मोर्चाची बातमी होती. पुन्हा राहिलं.

महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी अण्णा गेले. सकाळी अंघोळीला पाणी तापवत होते, तिथंच बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आधीपासून असणार, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी त्यांच्या निधनाची बातमी स्वतः लिहिली, आमच्या नियमाप्रमाणे चार ओळींत. सलीमनं न सांगता तिचं कात्रण कापून दिलं. ते माझ्या पाकिटात आहे.

गेल्या सोमवारी, म्हणजे थंडी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी, सलीम माझ्या टेबलाशी आला. आमचा पेपर नव्या यंत्रणेवर हलवायचा होता.

"भाई, रांगेत जुना माल पडलाय खूप. तिकडं न्यायचा नाही. उडवू का?"

"उडव," मी म्हणालो.

तो गेला आणि परत आला. म्हणाला, "तुम्ही एकदा बघा. मी चहा आणतो." त्यानं कधी चहा आणलेला नव्हता.

अण्णांच्या त्रेपन्न प्रतिक्रिया होत्या. रोखल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते जाण्याच्या आदल्या सकाळपर्यंत. पहिल्या सहा-सात नेहमीसारख्या, वेळ, अंश, धुकं, वारा. मग ही आली.

'देवळा. ६.१०. सात अंश. माझे लिहिलेले माझ्या फोनवर दिसते, खाली "तपासणीसाठी आहे" असे येते. आठ दिवस तेच येत आहे. बहुधा बिघाड.'

दोन दिवसांनी:

'६.१०. सहा अंश. बिघाड नाही हे समजले. फोटोच्या वेळी मी चारचौघांत लिहावयास नको होते. फोन करून सांगता आले असते. तपासणारा तूच आहेस, तेव्हा तू वाचत असशीलच. तुझ्यापुरते लिहितो.'

आणि त्यानंतर ते माझ्यापुरतं लिहीत राहिले होते. लिंबाच्या झाडावर कावळ्यानं तारांचं घरटं केलं. आईचे गुडघे सकाळी आखडतात, ती सांगणार नाही, तू तेल आण. मी तुझ्या लग्नात रजा न मिळाल्याचं सांगितलं होतं ते खोटं होतं, रजा मिळाली होती, पण आदल्या रात्री माझ्या हातून एका गाडीची नोंद चुकली होती व ती निस्तरून येईपर्यंत अक्षता पडल्या. संक्रांतीनंतरची तर अधिकच मोकळी होती. 'तू रोज वाचतो म्हणालास, बरे वाटले,' अशी त्यातली पहिली. माझ्या एका खोट्या वाक्यावर त्यांनी महिनाभराची पत्रं लिहिली होती. वडिलांनी मला आयुष्यात लिहिलेली पत्रं एवढीच, आणि ती मी कर्जाच्या जाहिरातींत ठेवली होती.

माघातली एक अशी होती.

'६.१०. नऊ अंश. थंडी कमी होत आहे. स्टँडपर्यंत चालत गेलो तर तीनदा थांबावे लागले. छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. तुझ्या आईला घाबरवायचे नाही. तुला कळवून ठेवतो. सवडीने ये.'

चहा आला, निवला. मी तो मजकूर किती वेळा वाचला ते सांगत नाही. वर्षभर मी लोकांना सांगत होतो की अण्णांनी कुणाला काही बोलून दाखवलं नाही. सांत्वनाला आलेल्या माणसाला हे वाक्य आवडतं, मलाही आवडलं होतं. शांतपणे गेले, कुणाला त्रास दिला नाही. त्यांनी सांगितलं होतं. वेळ घालून सांगितलं होतं.

सलीमनं विचारलं, "मंजूर करायच्या का?" मी म्हणालो, पहिल्या सात कर, त्या थंडीच्या आहेत. जुन्या बातम्यांखाली त्या आता दिसतात. कोणी तिथवर जाणार नाही. बाकीच्या त्यानं प्रिंटरवर काढून दिल्या. या वेळी कडा कापल्या नाहीत.

शनिवारी देवळ्याला निघालो. आईला सांगायचं होतं. ती घरात एकटी, आणि या वर्षभरात माझ्याशी मोजकंच बोलते. फोन केला की बरंय म्हणते आणि ठेवते. मी ते दुःखाचं समजत होतो आणि त्याला वेळ द्यावा असं पुस्तकी शहाणपण स्वतःला सांगत होतो. आता जाऊन तिला हे सांगितलं तर उरलेलंही जाईल, असं चांदवड मागं पडेपर्यंत वाटत राहिलं. घाटात धुकं नव्हतं. रस्त्याकडेला लावणी चालू होती, बायका ओळीनं वाकलेल्या, हातात रोपांच्या जुड्या. परत फिरायला एकही सबब सापडली नाही.

आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. "काय रे बापू, अचानक? जेवण व्हयनं का?" माहेरची अहिराणी तिच्या तोंडात अशी अधूनमधून येते.

"झालं. आई, अण्णा सकाळी फोनवर लिहायचे ते आहे माझ्याकडे."

"वाच मंग. मला काय चष्म्याशिवाय दिसतंय."

मी वाचू लागलो. कावळ्याच्या घरट्याला ती हसली. गुडघ्याच्या तेलाशी म्हणाली, "मला म्हणे काय हाय तुझ्या गुडघ्याला. आणि तुला लिव्हलं." लग्नाच्या नोंदीशी म्हणाली, "ते मला म्हाईत होतं. सगळ्या डेपोला म्हाईत होतं." मग माघातला तो कागद वर आला आणि मी थांबलो. त्याच्यामागचा कागद पुढं घ्यायला लागलो.

"गाळू नको," ती म्हणाली. शेंगांवरून मान वर न करता.

वाचला. आवाज नीट ठेवून, शेवटच्या 'सवडीने ये'पर्यंत. आणि तो संपल्यावर, थांबलो तर सांगता येणार नाही म्हणून लगेच म्हणालो, "आई, हे मी तेव्हा वाचलं नव्हतं. यातलं एकही नाही. मी त्यांचं लिहिणं बंद करून ठेवलं होतं. वाचतो म्हणून खोटं सांगितलं. हे मला या सोमवारी दिसलं."

तिचे हात थांबले. हातातली शेंग तिनं सुपात ठेवली.

"दोन उशा घेऊन निजायचे ते," ती म्हणाली. "मला का कळत नव्हतं? मी म्हणले, बापूला कळवा. तर म्हणे, कळवलंय. दोन दिसांनी परत विचारलं, आला का जवाब? म्हणे, तो वाचतो रोज, येईल सवडीनं."

"आई..."

"म्हणून मी वर्षभर..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, बापाचं कळूनबी पोरगं आलं नाही. कोणाला सांगू मी हे? भावाला सांगू, का सुनेला? तू फोन करायचा, तर मला तुझा आवाज नको वाटायचा. आणि पोटचा हायेस म्हणून बोलताबी येईना." तिनं माझ्याकडे पाहिलं, खूप दिवसांनी सरळ पाहिलं. "म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं."

"नव्हतं."

"हे लवकर सांगायचं होतं रे."

तिनं शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं, अर्ध्या शेंगा माझ्या बाजूला केल्या. आम्ही दोघं सोलत बसलो. कागद माझ्या मांडीवर होते, आणि अजून एकवीस राहिले होते.